दूध ईशान्येला गेले

अक्षय्य तृतीयेच्या सकाळी आम्ही दुसऱ्याच्या घरात दूध उतू घातले. घर दुसऱ्याचे होते, हे कायद्याच्या दृष्टीने खरे. त्या सकाळी तिथे जमलेल्यांपैकी एकालाही मात्र तसे वाटत नव्हते. इसार देऊन झाला होता, बँकेचे काम अर्ध्यावर आले होते आणि खरेदीखत तेवढे राहिले होते.

मी माध्यमिक शाळेत भूमिती शिकवते. आधी पक्ष, मग साध्य, मग सिद्धता, हा क्रम मी वर्षानुवर्षे फळ्यावर लिहीत आले आहे. त्या न्यायाने आधी घराची तपासणी, मग खरेदीखत, मग किल्ली आणि सर्वांत शेवटी दूध, असे व्हायला हवे होते. तसे मी घरमालकांना सुचवूनही पाहिले. ते हसले.

“मॅडम, मुहूर्त काय रजिस्टर हापिसाची वाट बघत बसतोय व्हय? साडेतीन मुहूर्तातला दिवस हाय. किल्ली घ्या, दूध घाला. घर तुमचंच हाय.”

घरमालक साठी ओलांडलेले, तिथल्या जुन्या गावकऱ्यांपैकी. रावेतकडे जाणाऱ्या रस्त्यावरून आत वळले की त्यांच्या वडिलोपार्जित जमिनीवर भावाभावांनी बांधलेल्या घरांची एक ओळ लागते. त्या ओळीतले शेवटचे घर आम्ही पसंत केले होते. खाली बैठकीची खोली, स्वयंपाकघर आणि त्याच्या मागे न्हाणीघराला लागून आणखी एक खोली. वर दोन खोल्या. आम्ही ते घेत होतो ते केवळ त्या मागच्या खोलीसाठी. माझ्या सासूबाईंचे गुडघे गेले होते आणि आमचा चिंचवडचा फ्लॅट चौथ्या मजल्यावर होता. इमारतीला लिफ्ट नव्हती, आणि बसवायला जागाही नव्हती. दवाखान्याखेरीज कोणत्याही कारणासाठी खाली उतरणे त्यांनी सोडून दिले होते.

दूध घालायच्या दिवशी मात्र त्यांना न्यायचेच होते. माझे यजमान चाकणच्या एका कंपनीत गुणवत्ता तपासणी विभागात आहेत. त्यांचे दोन सहकारी रात्रपाळी संपवून थेट आमच्याकडे आले. सासूबाईंना प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून त्यांनी जिना उतरायला सुरुवात केली. सासूबाईंनी एका हाताने कठडा आणि दुसऱ्या हाताने पर्स घट्ट धरली होती.

“हळू रे बाबांनो,” त्या प्रत्येक वळणावर म्हणत होत्या, “विसर्जनाला चालवलंय का मला?”

नव्या घराच्या स्वयंपाकघरात, जमिनीवर, तीन विटांमध्ये गोवऱ्यांचा लहानसा विस्तव केला होता. त्यावर पितळेचे पातेले. दूध वर आले, कडेवरून उतरले, विटेवरून फरशीवर आले आणि जराही न रेंगाळता मागच्या खोलीच्या दाराकडे निघाले. फरशीच्या सांध्याला समांतर, पट्टीने आखावी अशी पांढरी रेघ.

“ईशान्येला गेलं गं बाई, ईशान्येला!” घरमालकांच्या पत्नीने, म्हणजे काकूंनी, हात जोडले. यजमानांनी मोबाइलमधले होकायंत्र उघडून पाहिले. दिशा खरोखरच ईशान्य होती. सगळ्यांचे चेहरे उजळले. माझाही उजळला. भूमितीच्या शिक्षिकेला सरळ रेषा आवडते. ती तशी का आखली गेली, हे विचारणे मला सुचले नाही.

सासूबाईंना मागच्या खोलीत नेले. त्यांनी भिंतीला तळहात लावून पाहिला आणि पलंग कुठे, डोके कोणीकडे, हे खुर्चीत बसल्या बसल्याच ठरवून टाकले. काकू दारात उभ्या होत्या. “आमच्या आत्याबाई बी इथंच असायच्या,” त्या म्हणाल्या. आत्याबाई म्हणजे त्यांच्या सासूबाई. त्या एवढेच बोलून चहा बघायला गेल्या.

निघायची वेळ झाली तेव्हा सासूबाई यजमानांना म्हणाल्या, “आता मला परत वर नेऊ नको.”

“आई, अजून आपलं झालेलं नाही घर. थोडे दिवस.”

“दूध घातलं की.”

त्यांना परत वर नेले. जिना चढताना त्यांनी एकही विनोद केला नाही.

आमची परिस्थिती इथे स्पष्ट करायला हवी, म्हणजे पुढचे समजणे सोपे जाईल. आमचा फ्लॅट आम्ही आधीच विकायला काढला होता आणि तो लातूरकडच्या एका तरुण जोडप्याने घेतला होता. त्यांच्या मुलीचा प्रवेश जवळच्या शाळेत झाला होता, त्यामुळे शाळा सुरू होण्याआधी फ्लॅट रिकामा करून द्यायचा आम्ही लेखी शब्द दिला होता. नव्या घराच्या बाबतीत आम्ही मागे फिरलो तर इसार बुडणार, अशी अट होती. इसार ही फार जुनी पद्धत आहे. त्यात घेणारा बांधला जातो तसा देणाराही. मात्र गाठ आपल्या बाजूने किती घट्ट बसली आहे, हे ती सोडवायला गेल्याशिवाय कळत नाही.

तपासणी आम्ही केली ती अशी उशिरा आणि खरे तर दुसऱ्याच कामासाठी. न्हाणीघरात सासूबाईंना धरायला दांड्या बसवायच्या होत्या आणि त्या कोणत्या भिंतीला पेलतील हे विचारायला यजमानांनी ओळखीतून एक इंजिनिअर बोलावले. पन्नाशीचे, पायांत धावायचे बूट, तोंडाने अखंड बडबड. घरात शिरताच त्यांनी खिशातून काचेची एक गोटी काढली.

“हे माझं पहिलं यंत्र,” ते म्हणाले. “बाकीची गाडीत असतात.”

“बँकेच्या माणसाने घर पाहिलंय,” यजमान म्हणाले.

“साहेब, घर विकलं जाईल का, ते बँकेचा माणूस बघतो. उभं राहील का, ते मी बघतो.”

त्यांनी गोटी स्वयंपाकघराच्या मध्यावर ठेवली आणि बोट काढून घेतले. गोटी आधी जागच्या जागी थरथरली. मग निघाली. फरशीच्या सांध्याला समांतर, मागच्या खोलीच्या दाराकडे, दुधाच्याच वाटेने, आणि उंबरा नसलेल्या त्या दारातून आत जाऊन पलीकडच्या भिंतीवर टिचकन आदळली. यजमानांनी माझ्याकडे पाहिले. त्यांच्याही डोळ्यांसमोर ती पांढरी रेघच आली असणार. 

मागच्या खोलीत एक लोखंडी कपाट मालकांनी तसेच ठेवले होते. इंजिनिअरांनी ते ओढायला लावले. कपाटामागे, जिथे खोलीची भिंत मूळ घराला मिळत होती, तिथे एक भेग छतापासून खाली उतरली होती.

“मॅडम, तुम्ही काय शिकवता?”

“भूमिती.”

“मग ही वाचा.”

मी वाचली. वर रुंद, खाली निमुळती होत गेलेली. वर माझे बोट सहज आत जात होते; जमिनीजवळ नखही जात नव्हते. “खोली घरापासून बाहेरच्या बाजूला कलते आहे,” मी म्हणाले.

“पैकीच्या पैकी मार्क.”

बाहेर जाऊन त्यांनी खोलीच्या कडेला पहार मारली. ती मातीत इतक्या सहज गेली की त्यांचा तोल जाता जाता राहिला. वर आला तो विटांचा चुरा, प्लॅस्टिक आणि काळी माती. तिथे पूर्वी ओढा असणार, तो बुजवून त्या भरावावर खोली बांधली आहे, असे त्यांनी सांगितले. मूळ घराचे खांब मुरमापर्यंत नेले होते; ते पक्के होते. स्वयंपाकघराची मागची फरशी भरावाच्या काठावर येत असल्याने तेवढी खचली होती. मागच्या खोलीला मात्र पाया असा नव्हताच, आणि मंजूर नकाशावर ती खोलीही नव्हती.

“घर चांगलं आहे,” ते हात झटकत म्हणाले. “पण ही खोली म्हणजे घर नव्हे. घराला टेकून उभी आहे बिचारी. इथं कुणाला झोपवू नका.”

दांड्यांचा विषय निघालाच नाही.

परतताना यजमानांनी फाटक लावून घेतले. मग म्हणाले, “आमच्याकडे माल मापात नसला की दोनच रस्ते. एक तर पुरवठादाराला परत पाठवायचा, नाहीतर डेव्हिएशनवर घ्यायचा.” डेव्हिएशन म्हणजे वस्तूत दोष आहे हे दोन्ही बाजूंनी मान्य करून, किंमत कमी करून तिला पास करणे. हा शब्द आमच्या भागात घरोघरी माहीत आहे.

“परत पाठवू शकतो का आपण?” मी विचारले.

“कुठं पाठवणार? आपणच आत आहोत.”

तेव्हा ठरले ते असे: घर सोडायचे नाही, पण ती खोली पाडून पायासकट नव्याने बांधायला जो खर्च येईल, तो किमतीतून कमी करून मागायचा. सासूबाईंना काही सांगायचे नाही. मी पाठाची तयारी करावी तशी तयारी केली. कोणता मुद्दा आधी मांडायचा, उदाहरण कोणते द्यायचे, कोणत्या प्रश्नाला काय उत्तर द्यायचे. चांगली तयारी केलेला तास वाया जात नाही, असा माझा अनुभव होता.

घरमालकांनी आम्हाला त्याच ओळीतल्या, ते स्वतः राहत त्या घराच्या ओसरीवर बसवले. काकूंनी चहा आणला. मी शांतपणे सगळे मांडले. त्यांनी मध्ये एकदाही अडवले नाही. माझे संपल्यावर बशीतला चहा संपवला आणि म्हणाले, “मॅडम, गोटी काय, कुठंबी गडगडती. गोटीचा धरमच हाय त्यो.”

“काका, भेगेत बोट जातं.”

“जुनं घर हाय. भेगा मला बी पडल्यात. मला पाडता का?”

यजमानांना हसू आले आणि त्यांनी ते घाईने आवरले. “काका, आमच्या कंपनीत माल मापात नसला की आम्ही—”

“साहेब, तुमच्या कंपनीत मालाफुडं दूध उतू घालत्यात का?”

यावर माझ्या तयारीत काहीच नव्हते.

“न्हाई ना?” ते पुढे झुकले. आवाज चढला नव्हता. “दूध तुमी घातलं. ईशान्येला गेलं, समद्या आळीनं बघितलं. आता त्याच घराला नावं ठेवता? आन समजा, तुमी सोडलं घर. मागनं येनारा पयलं काय इचारंल? आदल्यांनी दूध घालून का सोडलं? काय सांगू मी त्याला? हाय काय उत्तर तुमच्या पुस्तकात?”

“म्हणूनच म्हणतो काका, खोलीपुरतं काहीतरी—”

“खोलीचं काय बी न्हाई.” हे वाक्य मात्र त्यांनी तोडून टाकल्यासारखे उच्चारले. “खोलीला काय झालेलं न्हाई. घ्यायचं तर ठरल्या भावानं घ्या. न्हाईतर इसार सोडा आन जावा.”

काकूंनी अर्धे भरलेले कप उचलून नेले. माझा चहा व्हायचा होता.

त्यानंतरचे दिवस मला एकसारखे आठवतात, म्हणजे त्यांच्यातला एक दुसऱ्यापासून वेगळा काढता येत नाही. सामान खोक्यांत भरले होते आणि रोज काही ना काही लागले की एखादे खोके पुन्हा उघडावे लागे. दुसरे तळमजल्याचे घर शोधावे, तर इसार बुडाल्यावर ते परवडणार नव्हते. भाड्याने जावे, तर लिफ्ट असलेल्या इमारतीतही पार्किंगपासून लिफ्टपर्यंत पायऱ्या निघत. एका संध्याकाळी ते लातूरकडचे जोडपे आमच्या खिडक्यांची मापे घ्यायला आले, पडद्यांसाठी. तिने टेपचे एक टोक माझ्या हातात दिले. मी धरले. आपल्यालाच आपल्या घरातून बाहेर काढायला आपण मदत करीत आहोत, असे वाटत होते. पण तिची चूक काहीच नव्हती.

“मॅडम, वेळेत होईल ना तुमचं?” तिने जाताना विचारले. “नाही म्हणजे, आमच्या आत्ताच्या घरमालकाला कळवायला लागेल.”

होईल, असे मी म्हणाले. शाळेत मी मुलांना उत्तर येत नसेल तर ‘येत नाही’ म्हणायला शिकवते.

सासूबाई खिडकीशी बसून खालचा रस्ता पाहत आणि रोज एकदा विचारत, “कधी?”

“कागद चाललेत आई.”

“कागद चालत्यात. मलाच चालता येईना.”

मग एका रविवारी सकाळी दाराची घंटा वाजली. दार उघडले तर घरमालक उभे. चौथ्या मजल्यापर्यंत चढून आल्यामुळे चौकटीला धरून श्वास घेत होते. त्यांना काही बोलता येण्याआधीच आतून सासूबाईंचा आवाज आला.

“कोण हाय? आत ये. बस. पाणी पी, दम खा, मग काय बोलायचं ते बोल.”

ते सासूबाईंच्या समोरच्या खोक्यावर बसले, कारण खुर्च्या बांधून झाल्या होत्या. पाणी प्यायले. काही तरी ठरवा, आपणही पुढे कोणाला तरी शब्द देऊन बसलो आहोत, असे म्हणाले. यजमान म्हणाले की आमची मागणी तीच आहे. मी त्यांना डोळ्यांनी खुणावत होते, की आईंसमोर नको. घरमालकांना ती खूण कशी कळावी? ते सरळ सासूबाईंकडे वळले.

“आई, तुमीच सांगा. खोली आवडली का न्हाई तुमाला? आन ह्ये म्हंत्यात, खोली खराब हाय, पाडाय लागंल.”

सासूबाईंनी आमच्याकडे पाहिले. आधी मुलाकडे, मग माझ्याकडे. “म्हणून कागद चालले होते होय.”

आम्ही खाली पाहिले. त्यांनी तो विषय तिथेच सोडला आणि घरमालकांना विचारले, “ती खोली कुणासाठी बांधली होतीस?”

 खाली रस्त्यावर भाजीवाला ओरडत गेला.

“आमच्या म्हातारीसाठी,” ते म्हणाले. “गुडघं गेलं हुतं तिचं. माडी चढना. न्हाणीजवळ जागा तेवढीच हुती. पावसाच्या आत हुयाला पायजे म्हून घाईघाईनं ओढा बुजवला आन बांधली.”

“तिथंच गेली ती?”

“व्हय.”

“मग भेग तुला ठाऊक असणार.”

त्यांनी रिकामा पेला दोन्ही हातांत फिरवला. “कपाट मीच सरकवलं तिथं. पडल्या पडल्या तिला दिसायची भेग. भ्याची ती.”

माझी नजर आमच्या खोक्यांवरून फिरत राहिली. ‘आईंना सांगायचे नाही’ हे आम्ही किती सहज ठरवले होते, ते मला त्या क्षणी आठवले. यजमानांनी माझ्याकडे पाहिले नाही, मी त्यांच्याकडे.

“खोलीचं म्हून मी एक रुपाया कमी करनार न्हाई,” घरमालक म्हणाले. पण आता हे ओसरीवरच्यासारखे तुटक नव्हते. “माझं भाव शेजारच्याच घरांत ऱ्हात्यात. ते इचारतील कशाचं कमी केलं. खोलीला पाया नव्हता म्हून, असं सांगू? आईला खड्ड्यावर झोपवली म्हनतील.”

वर्गात कधी कधी असे होते, की मुलगा गणितात अडला आहे असे आपण समजतो आणि तो प्रत्यक्षात भलत्याच एका गोष्टीवर अडलेला असतो. रकमेवर हे गृहस्थ अडलेले नव्हतेच. ते कारणावर अडले होते.

“मग कशाचं म्हणून कराल, काका?” मी विचारले.

त्यांनी पेला खाली ठेवला. मी मनातल्या मनात कारणे शोधत होते. रंगाचे म्हणावे, तर रंग नवा होता. सासूबाई पदराने चष्मा पुसत होत्या.

“दुधाचं म्हणून कर,” त्या म्हणाल्या. “आमचं दूध तुझ्या घरात सांडलंय. आम्ही काय ते भरून घेऊन जाणार हाय का? आन तुला बी ते पुसता येईना. घातलेल्या दुधाचा मान म्हणून कर.”

घरमालक पहिल्यांदा हसले. “आई, येवढ्या मोलाचं दूध गायीनं कवा दिलं न्हाई.”

“म्हशीचं होतं.”

त्यांनी आकडा सांगितला. आम्ही मागितले होते त्याच्या निम्माच होता. खोली पाडायला, भराव उपसायला आणि स्वयंपाकघराची खचलेली कड खालून भरून घ्यायला तो पुरणार होता. नवी खोली बांधायला नाही. यजमानांनी आणखी थोडे ताणून पाहिले. घरमालक उठून उभे राहिले.

“साहेब, आता नका. दूध हाय म्हून येवढं. खोली म्हनला असता तर येवढं बी नसतं.”

नाही म्हणण्यासारखे आमच्याजवळ काय होते? ज्याला सोडून जाता येत नाही, त्याने केलेल्या घासाघिशीला एक वरची मर्यादा असते आणि ती समोरच्याला नेहमी आपल्याआधी कळते. आम्ही हो म्हणालो. दारातून बाहेर पडल्यावर ते पुन्हा मागे वळले.

“पाडाल तवा मला सांगू नका. येखाद्या एकादशीला पाडा. मी आळंदीला असतो.”

कराराची किंमत बदलून घेतली, बँकेला नवे कागद दिले, खरेदीखत झाले. त्याच खुर्चीतून, त्याच दोघांनी सासूबाईंना पुन्हा खाली आणले. या वेळी त्यांनी कठडा धरला नाही. एका एकादशीला खोली पाडली. दोन कामगारांना अर्धा दिवससुद्धा लागला नाही. भिंत ढकलताच ती आपल्याच दिशेने, म्हणजे जिकडे कलत होती तिकडे, गेली. काकू शेजारच्या घराच्या गच्चीवर वाळवण घालत होत्या. त्यांनी आवाज ऐकला असणार. त्या वळल्या नाहीत.

स्वयंपाकघराची कड खालून भरून घेतली आणि ती आता खचत नाही. पण फरशी उखडून पातळीत बसवायला पैसे उरले नाहीत, त्यामुळे उतार आहे तसाच आहे. मागचे दार विटांनी बुजवून टाकले. सासूबाईंचा पलंग बैठकीच्या खोलीत आहे, जिन्याखाली. न्हाणीघर पलीकडे असल्यामुळे रात्री त्यांना उठवून स्वयंपाकघरातून न्यावे लागते. त्यांना लोटून घेता येईल असे दार घरात नाही. आम्ही एक पडदा लावला आहे. कोणी पाहुणे आले की सासूबाई पडद्याआड डोळे मिटून पडून राहतात आणि पाहुणे गेल्यावर त्यांनी काय काय चुकीचे सांगितले ते आम्हाला ऐकवतात. मी उत्तरपत्रिका स्वयंपाकघरात तपासते, म्हणजे त्यांच्या डोळ्यांवर उजेड येत नाही. त्या खाली आल्या, हे खरे. पण फाटकापलीकडे अजून गेलेल्या नाहीत. रस्त्यावर दिवसभर डंपर धावतात आणि रस्ता अरुंद आहे.

नव्या खोलीचे आम्ही अधूनमधून बोलतो. आधी कर्ज फिटू दे, असे यजमान म्हणतात. 

घर घेणाऱ्या सहकाऱ्यांनी शिक्षकखोलीत सल्ला विचारला तर मी एवढेच सांगते: गोटी आधी, दूध नंतर. ते हसतात आणि मुहूर्ताची तारीख सांगून निघून जातात.

परवा सकाळी गॅसवर दूध ठेवून मी डबा भरत होते. दूध भरभरून वर आले, ओट्यावरून ओघळ खाली फरशीवर उतरला आणि नेहमीच्या वाटेने निघाला. वास बाहेर गेला असणार.

“कुठं गेलं गं?” पडद्याआडून आवाज आला.

“ईशान्येला, आई.”

“दार हाय का तिथं अजून?”

“नाही. भिंत आहे.”

“मग थांबलं असंल,” त्या म्हणाल्या. “पूस.”